विश्लेषण : जुनी ‘स्पोर्ट टूरर’ दोघांसाठी घ्यायची आहे? मग आधी मागच्या सीटवर बसून पाहा!

सीसी, टॉप स्पीड आणि मायलेज विचारून सेकंड हँड बाइकचा सौदा होतो. मागे बसणाऱ्याची सीट, गाडीचा ब्रेक आणि विम्यातील एक ओळ मात्र कुणी पाहत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील रस्त्यांवर दोघांनी लांबचा प्रवास करायचा असेल, तर गाडी कशी निवडावी, काय तपासावे आणि कोणता मोह टाळावा, याचा हा आढावा.

सेकंड हँड बाइकच्या जाहिराती वाचल्या की ठरावीक शब्द भेटतात. ‘सिंगल ओनर’, ‘शोरूम कंडिशन’, ‘अर्जंट सेल’. पाहायला गेलेला तरुण दोन मित्रांना सोबत नेतो, गाडी स्टार्ट करून आवाज ऐकतो, एकटाच एक चक्कर मारतो आणि टोकन देऊन येतो. पुढची पाच वर्षे त्या गाडीवर मागे बसणारी व्यक्ती, म्हणजे बायको, आई, बहीण किंवा पुण्यात शिकणारा धाकटा भाऊ, त्या व्यवहारात कुठेच नसते. घरात चारचाकी घेताना सगळे कुटुंब शोरूममध्ये जाऊन बसून पाहते. दुचाकी मात्र एकट्याच्या आवडीने घेतली जाते. दोघांसाठीच्या गाडीची निवड चुकण्याचे पहिले कारण हेच आहे.

‘स्पोर्ट टूरर’ म्हणजे नेमके काय?

ही कायद्यातील वर्गवारी नाही, वापराची आहे. रेसिंगच्या गाडीवर चालवणारा पुढे वाकलेला असतो, वजन मनगटावर येते आणि मागची सीट नावापुरती असते. टूरिंगच्या गाडीवर पाठ ताठ राहते, सीट रुंद असते, सामान बांधायला जागा असते. या दोन्हींच्या मधली गाडी म्हणजे स्पोर्ट टूरर. वारा अडवणारे फेअरिंग, हायवेवर ताण न घेता चालणारे इंजिन, चांगले ब्रेक आणि दोघांना दोन-तीन तास बसता येईल अशी सीट, या तिच्या चार अटी.

भारतात या नावाखाली बऱ्याच गाड्या विकल्या गेल्या. त्यातील अनेक गाड्या पहिल्या तीन अटी पूर्ण करतात आणि चौथ्या अटीवर नापास होतात. कारण सीट दिसायला आकर्षक असावी म्हणून मागचा भाग वर उचललेला आणि निमुळता केलेला असतो. पोस्टरवर तो छान दिसतो. शिर्डीपर्यंत त्यावर बसून जाणाऱ्याचे मत वेगळे असते.

जिल्ह्यातील रस्ते गाडीकडून काय मागतात?

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. शहरातून शिर्डी सुमारे ८० किलोमीटर, पुणे सुमारे १२० किलोमीटर, तर भंडारदरा गाठायचा म्हणजे जवळपास अर्धा दिवस. एवढ्या अंतरावर दुचाकीने जोडीने जाणे इथे नेहमीचे आहे. कुणी शनिशिंगणापूरला जातो, कुणी पावसाळ्यात रंधा धबधबा पाहायला, कुणी सासुरवाडीला.

समृद्धी महामार्ग कोपरगाव तालुक्यातून जातो, पण त्यावर दुचाकींना प्रवेश नाही. म्हणजे गाडी कितीही दमदार असली, तरी तिने जुन्या रस्त्यांवरच चालायचे आहे. मनमाडकडे जाणारा महामार्ग वर्षानुवर्षे खड्ड्यांसाठी चर्चेत आहे. पाथर्डीच्या वाटेवर करंजी घाट, पुणे-नाशिक मार्गावर संगमनेरजवळ चंदनापुरी घाट, कल्याणच्या दिशेने गेले की माळशेज.

त्यात गळीत हंगाम. साखर कारखानदारीचा हा जिल्हा आहे. दिवाळीनंतर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रात्री रस्त्यावर असतात. अनेकांना मागे लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टरही नसतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर अंतर कापते. ट्रॉली दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एवढे अंतर गेलेले असते.

या सगळ्याचा हिशेब मांडला, तर इथे दोघांसाठी लागणारी गाडी कशी असावी हे आपोआप ठरते. मऊ पण दमदार सस्पेन्शन, भरवशाचा ब्रेक, उजेडाचा हेडलाइट आणि जवळ मिळणारे स्पेअर पार्ट. ताशी दीडशेचा वेग या यादीत कुठेच येत नाही.

दुसरा माणूस बसला की गाडीत काय बदलते?

एक साधे गणित पाहू. गाडीचे वजन १६० किलो आणि चालवणारा ७५ किलोचा, म्हणजे एकूण २३५ किलो. त्यावर ६० किलोची व्यक्ती आणि १० किलोची बॅग चढली की आकडा ३०५ किलो होतो. वाढ जवळपास ३० टक्के. तेवढ्याच वेगातून थांबायचे असेल, तर ब्रेकला ३० टक्के जास्त ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. वेग ६० वरून ८० केला, तर हीच ऊर्जा आणखी पावणेदोन पटींहून अधिक वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ठेवणाऱ्याच्या गाडीची डिस्क तापून ब्रेक ‘मऊ’ का पडतो, त्याचे उत्तर इथे आहे.

दुसरा बदल वजनाच्या वाटणीचा. मागे बसणाऱ्याचे बहुतेक वजन मागच्या चाकावर येते. मागचा शॉकअप दबतो, पुढचे चाक हलके होते, हँडल हलके लागते आणि हेडलाइटचा झोत वर उचलला जातो. समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला रस्ता कमी दिसतो. म्हणून दोघे बसणार असतील, तर मागच्या शॉकअपची स्प्रिंग एक-दोन खाचा कडक करावी, मागच्या टायरमध्ये कंपनीने दोघांसाठी सांगितलेली जादा हवा भरावी आणि हेडलाइट खाली घ्यावा. जुनी गाडी घेताना शॉकअपची ही खाच फिरते का, हे जरूर पाहावे. अनेक गाड्यांत ती गंजून जाम झालेली असते.

तिसरी गोष्ट गाडीच्या क्षमतेची. प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत ती जास्तीत जास्त किती भार वाहू शकते, याचा आकडा दिलेला असतो. त्यात चालवणारा, मागचा, हेल्मेट, बॅग सगळे धरायचे. अंगापिंडाने मजबूत दोघे आणि सामान मिळून दीडशे किलो सहज होतात. पुस्तिकेतील आकडा याच्या आसपास किंवा कमी असेल, तर ती गाडी या जोडीसाठी नाही. मग किंमत कितीही स्वस्त असो.

मागची सीट कशी तपासायची?

सर्वांत सोपा उपाय म्हणजे जो मागे बसणार आहे, त्यालाच घेऊन जाणे. त्या व्यक्तीने पाच गोष्टी पाहाव्यात.

– पाय उचलून चढताना त्रास होतो का? मागची सीट खूप उंच असेल, तर साडी किंवा गुडघेदुखी असणाऱ्या व्यक्तीला रोजच कसरत करावी लागते.

– बसल्यावर गुडघे किती वाकतात? फूटरेस्ट फार वर असेल, तर पाऊण तासात पाय आखडतात.

– धरायला काय आहे? मागे भक्कम ग्रॅब रेल हवी. नुसता सीटवरचा पट्टा घाटात कामाचा नाही.

– ब्रेक लावल्यावर अंग पुढे घसरते का? सीटला पुढे उतार असेल, तर मागच्याचे सगळे वजन चालवणाऱ्याच्या पाठीवर आणि मनगटांवर येते. दोघेही थकतात.

– सायलेन्सर पायाला किंवा कपड्याला लागतो का?

आपल्याकडे एक मुद्दा आणखी आहे. साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसण्याची पद्धत. स्पोर्ट्स गाडीच्या निमुळत्या, उंच सीटवर असे बसणे धोक्याचे आहे. तोल एका बाजूला जातो आणि अचानक ब्रेक लागला तर धरायला काही उरत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ क्रमांकाचा नियम सांगतो की, दुचाकीला मागच्यासाठी धरायची मूठ, फूटरेस्ट आणि मागचे चाक किमान अर्धे झाकणारे संरक्षण असलेच पाहिजे. हेच ते ‘साडी गार्ड’. जुन्या स्पोर्ट्स गाड्यांवरून पहिल्या मालकाने सर्वांत आधी काढलेली वस्तूही हीच. सोबत मागचा मडगार्डही कापलेला असतो. ओढणी किंवा पदर चेनमध्ये अडकून होणारे अपघात या एका लोखंडी जाळीने टळतात. ती नसेल तर विक्रेत्याकडून बसवून घ्यावी, नाहीतर गाडी सोडावी.

मूल सोबत असेल तर आणखी एक आठवण. मोटार वाहन कायद्याच्या १२८व्या कलमानुसार चालवणाऱ्याखेरीज एकच व्यक्ती मागे बसू शकते. नवरा, बायको आणि मधे मूल हे दृश्य कितीही ओळखीचे असले, तरी गाडी दोघांचीच आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला नेताना सेफ्टी हार्नेस, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा फेब्रुवारी २०२३ पासून बंधनकारक आहे.

गाडीचे साल का महत्त्वाचे?

सेकंड हँड बाजारात साल पाहतात ते किंमत पाडण्यासाठी. ब्रेकच्या दृष्टीनेही ते पाहायला हवे. १२५ सीसीवरील नव्या मॉडेलना १ एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून विक्रीत असलेल्या सर्व मॉडेलना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले. म्हणजे २०१९ नंतरच्या गाडीत ते असणारच. त्याआधीच्या गाडीत ते आहे की नाही, हे प्रत्यक्ष पाहावे लागते.

सक्ती किमान एका चाकाची आहे. ‘सिंगल चॅनल’ म्हणजे फक्त पुढच्या चाकाला एबीएस, ‘ड्युअल चॅनल’ म्हणजे दोन्ही चाकांना. दोघे बसल्यावर मागच्या चाकावर वजन वाढते, त्यामुळे मागचा ब्रेक एरवीपेक्षा जास्त उपयोगी पडतो. पावसात, उसाच्या पाचटावर किंवा खडीवर तो लॉक झाला तर गाडी आडवी होते. म्हणून नेहमी दोघे फिरणार असतील, तर ड्युअल चॅनलसाठी थोडे जास्त पैसे मोजणे योग्य. पाच हजार रुपयांचा अलॉय लाइटचा साज असलेली एबीएसविना गाडी आणि साधी दिसणारी एबीएसची गाडी यात निवड करायची वेळ आली, तर उत्तर एकच.

दुसरे साल एप्रिल २०२०चे. तेव्हापासून बीएस-६ लागू झाले आणि जवळपास सगळ्या मोठ्या गाड्यांत कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आले. आधीच्या गाड्या गावातल्या मेकॅनिकला खोलता येतात, नंतरच्या गाड्यांना स्कॅनर लागतो. कोणते सोयीचे, हे आपण कुठे राहतो यावर ठरवावे. गाडी फार जुनी असेल, तर २० टक्के इथेनॉल असलेल्या आजच्या पेट्रोलमुळे रबरी पाइप आणि सील कडक झालेत का, हेही दाखवून घ्यावे.

बाजारात कोणते पर्याय दिसतात?

हीरो होंडा करिझ्मा : २००३ मध्ये आलेली २२३ सीसीची ही गाडी एका पिढीचे स्वप्न होती. सलग, रुंद सीटमुळे मागच्याला आजही सोयीची. अडचण वयाची. २०१०च्या आधीच्या गाड्यांची १५ वर्षांची नोंदणी संपली आहे. नूतनीकरण झालेले नसेल, तर सौद्याला हात लावू नये. हौस म्हणून ठीक, रोजच्या लांब प्रवासासाठी नाही.

बजाज पल्सर २२० एफ : कमी बजेटमधील सर्वांत व्यवहार्य नाव. तालुक्याच्या गावीही मेकॅनिक आणि पार्ट मिळतात. प्रोजेक्टर हेडलाइट हा रात्रीच्या प्रवासातील मोठा गुण. २०१९ पासून पुढच्या चाकाला एबीएस आले, तेव्हा त्यानंतरची शोधावी. सीट दोन भागांची आहे, पण मागचा भाग अवघड उंचीवर नाही.

होंडा सीबीआर २५० आर : २०११ मध्ये आली, बीएस-६ च्या टप्प्यावर २०२० मध्ये बंद झाली. इंजिन शांत, हायवेवर थकवा कमी. एबीएस असलेला आणि नसलेला असे दोन्ही प्रकार विकले गेले. फेअरिंग तुटलेले असेल तर पॅनेल मिळतील का, हे आधी विचारावे. बंद झालेल्या मॉडेलचे प्लास्टिक शोधण्यात महिने जातात.

बजाज डॉमिनार ४०० : डिसेंबर २०१६ मध्ये आलेली, ३७३ सीसीची. गाडी जड, १८० किलोंच्या पुढे, पण दोघांच्या वजनाने दबत नाही. सुरुवातीला एबीएस नसलेलीही मिळत होती, हे लक्षात ठेवावे. २०१९ मध्ये इंजिनाची ताकद ३५ वरून ४० पीएस झाली. ऑक्टोबर २०२१ पासून कंपनीने मोठी काच आणि मागच्यासाठी पाठीच्या टेकूसह कॅरिअर देणे सुरू केले. जोडीने फिरणाऱ्यांसाठी हा टेकू म्हणजे खरी सोय. किंमत, क्षमता आणि दुरुस्ती यांचा ताळमेळ पाहता जिल्ह्यातील रस्त्यांसाठी सर्वांत समतोल पर्याय हाच ठरतो.

रॉयल एनफील्ड इंटरसेप्टर ६५० : फेअरिंग नाही, त्यामुळे काटेकोर अर्थाने स्पोर्ट टूरर नाही. पण नोव्हेंबर २०१८ मध्ये आलेल्या या दोन सिलिंडरच्या गाडीची सलग सीट, दोन्ही चाकांचे एबीएस आणि भरपूर ताकद यामुळे दोघांना ती मानवते. वजन मात्र २०० किलोंच्या पुढे. चिखलात किंवा उतारावर पार्क केलेली गाडी एकट्याने मागे ओढता येते का, हे करून पाहावे.

कावासाकी निन्जा ६५० आणि व्हर्सिस ६५० : एकाच ६४९ सीसी इंजिनाच्या या दोन बहिणी. निन्जा दिसायला देखणी, पण मागच्यासाठी व्हर्सिस कितीतरी सोयीची. सर्व्हिससाठी बहुतेक वेळा पुणे वा नाशिक गाठावे लागते, तो खर्च आणि तो दिवस हिशेबात धरावा.

यामाहा आर १५, केटीएम आरसी, टीव्हीएस अपाचे आरआर ३१० या गाड्या एकट्यासाठी उत्तम. त्यांची मागची सीट उंच आणि लहान आहे. मागे बसणाऱ्यासाठी त्या घेऊ नयेत, इतके सरळ.

‘एवढ्या पैशात सहाशे सीसी’ हा मोह का टाळावा?

जुन्या बाजारात एखादी परदेशी मोठी गाडी डॉमिनारपेक्षा थोड्याच जास्त पैशांत दिसते. स्वस्ताईमागे बहुधा एकच कारण असते : ती आणणारी संस्था आता राहिलेली नाही.

याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. कोरियाच्या ह्योसंग कंपनीच्या गाड्या आधी गरवारे मोटर्सने आणि नंतर पुण्याच्या डीएसके मोटोव्हील्सने विकल्या. त्यांची जोडणी सातारा जिल्ह्यातील वाई इथे होत असे. २०१५ मध्ये डीएसकेने इटालियन नावाच्या बेनेली गाड्याही आणल्या. त्यात ‘६०० जीटी’ ही चार सिलिंडरची, दोघांसाठी बनवलेली खरीखुरी टूरर होती. पुढे डीएसके समूह आर्थिक अडचणीत सापडला आणि २०१८ मध्ये बेनेलीचे भारतातील काम हैदराबादच्या समूहाकडे गेले. गाडी तीच, पण मधल्या काळात ज्यांची गाडी वर्कशॉपमध्ये उभी होती, त्यांना पार्टसाठी हात पसरावे लागले.

खुद्द नगरचा इतिहासही हेच सांगतो. १९७० च्या दशकात लुना घडवणाऱ्या कायनेटिकने इथल्या कारखान्याचे नाव देशभर पोहोचवले. याच समूहाने दोन हजारच्या दशकात ह्योसंगच्या कॉमेट आणि अक्विला आणल्या आणि २०१८ मध्ये ‘मोटोरॉयल’ नावाने एमव्ही ऑगस्टा, एसडब्ल्यूएम अशा ब्रँडच्या गाड्यांची जोडणी नगरमध्ये सुरू केली. प्रयोग धाडसी होते. पण लुनाचे पार्ट जसे प्रत्येक पेठेत मिळत, तसे या गाड्यांचे कधीच मिळाले नाहीत. गाडीचा ब्रँड आणि तिला सांभाळणारे जाळे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुनी गाडी घेणारा पैसे मोजतो ते ब्रँडसाठी, आणि त्याला गरज पडते ती जाळ्याची.

म्हणून टोकन देण्याआधी एक फोन करावा. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, फोर्कचे ऑइल सील आणि पुढचा इंडिकेटर, हे चार पार्ट किती दिवसांत मिळतील, एवढेच अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारावे. उत्तर गुळमुळीत आले, तर निर्णय झाला.

गाडी प्रत्यक्ष पाहताना

– इंजिन थंड असताना पाहायला जावे. आधीच तापवून ठेवलेली गाडी सुरू होण्याचा त्रास लपवते.

– टायरच्या बाजूवरील चार आकडे वाचावेत. ‘२३१९’ म्हणजे २०१९ मधील तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शिल्लक असली, तरी पाच-सहा वर्षांचा टायर दोघांच्या वजनाखाली भरवशाचा नाही.

– चाक हवेत फिरवून अलॉयला ‘आऊट’ आहे का, हे पाहावे. खड्ड्यांच्या रस्त्यावर वापरलेल्या गाडीत हा दोष हमखास सापडतो.

– पुढचे चाक उचलून हँडल हळू फिरवावे. मधोमध अडकल्यासारखे वाटले, तर कोनसेट गेला आहे.

– मागची सीट जोरात दाबून सोडावी. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक, उड्या मारत राहिली तर शॉकअप संपला आहे. एकट्याला हा दोष जाणवत नाही, दोघांना पहिल्याच खड्ड्यात जाणवतो.

– मागच्या स्प्रॉकेटवरून चेन ओढून पाहावी. दात उघडे पडत असतील, तर चेन किट बदलायचे आहे.

– मीटरवरील किलोमीटरवर विश्वास ठेवू नये. फूटरेस्टचे रबर, ब्रेक पेडल आणि सीटचे कव्हर खरे वापर सांगतात. सर्व्हिसच्या नोंदी मागाव्यात.

टायर, चेन किट, बॅटरी, शॉकअप यांसाठी किमतीच्या दहा ते पंधरा टक्के रक्कम वेगळी ठेवून मगच सौदा करावा. सगळे बजेट गाडीवर संपवले की हीच कामे पुढच्या दिवाळीपर्यंत ढकलली जातात.

कागदपत्रे : नावावर नाही, तोवर आपली नाही

एमएच १६ अहिल्यानगर आणि एमएच १७ श्रीरामपूर, या दोन कार्यालयांच्या पासिंगच्या गाड्या जिल्ह्यात असतात. गाडी कुठलीही असो, इंजिन आणि चॅसिस क्रमांक आरसीशी जुळवून पाहावा. एमपरिवहन ॲपवर मालकाचा क्रम, बोजा आणि विमा दिसतो. थकलेली ई-चलने विक्रेत्याकडून भरून घ्यावीत. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीवर उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसली आहे का, हेही पाहावे.

हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात, कर्ज फिटले असेल तर बोजा उतरवण्यासाठी फॉर्म ३५ आणि गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतून आणायची असेल तर एनओसीसाठी फॉर्म २८. अनेक व्यवहारांत विक्रेता कोऱ्या फॉर्मवर सह्या देतो आणि गाडी वर्षानुवर्षे जुन्याच नावावर फिरते. यात धोका दोघांनाही आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले की, नोंदीत ज्याचे नाव आहे, कायद्याच्या नजरेत तोच मालक. म्हणजे गाडी विकून पैसे घेतलेला माणूसही अपघाताच्या भरपाईत ओढला जातो.

विम्यातील ती एक ओळ

आता सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित मुद्दा. ‘इन्शुरन्स चालू आहे’ हे वाक्य ऐकून खरेदीदार निश्चिंत होतो. पण कोणता इन्शुरन्स?

सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र अनेक जण एका वर्षानंतर चालू ठेवत नाहीत. ॲपवर तारीख पुढची दिसते, पण तिच्यामागे किती संरक्षण उरले आहे, ते दिसत नाही. त्यानंतर कित्येक जण स्वस्त म्हणून फक्त कायद्यापुरती पॉलिसी घेतात. इथेच मागे बसणाऱ्याचा प्रश्न येतो. २००६ मध्ये युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध तिलक सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, कायद्यापुरत्या पॉलिसीत दुचाकीवर मागे फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. रस्त्यावरचा अनोळखी माणूस ‘थर्ड पार्टी’ आहे, पण आपल्याच पाठीमागे बसलेली आई त्यात धरली जाईलच असे नाही. सर्वसमावेशक म्हणजे पॅकेज पॉलिसीत पिलियनचा समावेश असतो, हे विमा नियामकाने २००९ मध्ये कंपन्यांना कळवले आहे.

१५ लाखांचे सक्तीचे वैयक्तिक अपघात संरक्षणही ‘मालक-चालका’साठी आहे, मागच्यासाठी नाही. आणि आरसी नावावर नसेल, तर खरेदीदार ‘मालक’ही ठरत नाही. एका न भरलेल्या फॉर्ममुळे गाडीवरचे दोघेही उघड्यावर पडतात.

उपाय अवघड नाही. पॅकेज पॉलिसी घ्यावी, पिलियनसाठी स्वतंत्र वैयक्तिक अपघात संरक्षण जोडून घ्यावे, मागच्या प्रवाशाची जबाबदारी पॉलिसीत आहे का, हे कंपनीकडून लेखी मागावे आणि गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. विक्रेत्याचा ‘नो क्लेम बोनस’ त्याच्यासोबत जातो, तो गाडीसोबत येत नाही, हेही लक्षात असू द्यावे. दोन आयएसआय हेल्मेटचा खर्चही याच बजेटमध्ये धरावा. मागच्यालाही ते सक्तीचे आहे आणि नसल्यास एक हजार रुपये दंड आहे.

खरी चाचणी कुठे घ्यावी?

मालकाच्या गल्लीतली चक्कर काहीच सांगत नाही. मालकाची परवानगी आणि चालू विमा असेल, तर दोघांनी मिळून किमान वीस-पंचवीस किलोमीटर जावे. नगर शहराजवळ असाल, तर चांदबीबी महालाचा चढ हा नैसर्गिक टेस्ट ट्रॅक आहे. संगमनेरकरांसाठी चंदनापुरी घाट. चढताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गाडी दम टाकते का, क्लच घसरतो का, उतरताना ब्रेक सारखाच लागतो का आणि वळणावर गाडी डोलते का, हे कळते. त्यानंतर दहा मिनिटे दोघांनी जागा बदलून, म्हणजे खरेदीदाराने स्वतः मागे बसून पाहावे. अनेक सौदे इथेच मोडतील, आणि ते मोडलेलेच बरे.

मग निर्णय कुणाचा?

जुनी स्पोर्ट टूरर घेणे हा शहाणपणाचा व्यवहार असू शकतो. नव्या गाडीच्या निम्म्या पैशांत चांगले इंजिन आणि चांगले ब्रेक मिळतात. पण दोघांसाठी गाडी घेताना पसंतीचा क्रम उलटा हवा. आधी मागची सीट, मग ब्रेक, मग पार्ट, मग कागद आणि विमा. इंजिनाची ताकद त्यानंतर. या क्रमाने गेले, की यादीतील बऱ्याच देखण्या गाड्या आपोआप गळतात.

चालवणाऱ्याच्या हातात हँडल, ब्रेक आणि आरसा असतो. मागे बसणाऱ्याच्या हातात फक्त विश्वास असतो. खड्डा त्याला उशिरा दिसतो, ब्रेक त्याला उशिरा कळतो आणि अपघात झाला तर विम्याच्या कागदात त्याचे नाव सर्वांत शेवटी शोधले जाते. त्यामुळे त्या व्यक्तीला निदान एक अधिकार द्यायला हवा : गाडी पाहायला सोबत येण्याचा आणि ‘ही नको’ म्हणण्याचा. तो नकार ऐकून रिकाम्या हाताने परत येणे हाही चांगला सौदाच आहे.